एल्डन रिंग मार्गिटपाशी सोडला होता, परत सुरू करावा का?

मधली_सुट्टी

मंडळी, मनापासून सल्ला हवाय. एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आला तेव्हाच घेतला होता, काही आठवडे रोज रात्री बसलो आणि मार्गिट नावाच्या बॉसपाशी जो थांबलो तो थांबलोच. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या अलीकडचा तो काठीवाला, ज्यांनी खेळलाय त्यांना वेगळं सांगायला नको. त्यानंतर शॅडो ऑफ द अर्डट्री हा जोडभाग येऊन गेला, नाइटरेन हा वेगळा गेम आला, लोक अजून त्याच जगाबद्दल बोलतायत, आणि मला राहून राहून तो सुरुवातीचा क्षण आठवतो, खालून वर येऊन दार ढकललं की अख्खं लिमग्रेव्ह, म्हणजे पहिला प्रदेश, समोर पसरलेलं आणि मागे ते सोनेरी झाड. इतकं सुंदर काही मी दुसऱ्या गेममध्ये पाहिलेलं नाही. म्हणून परत जायची फार इच्छा आहे.

माझा खेळ कसा झाला ते सांगतो म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. व्हॅगाबॉंड हे योद्ध्याचं पात्र घेतलं. दारातून बाहेर पडल्या पडल्या घोड्यावरचा ट्री सेंटिनल, त्याच्यापासून कसाबसा सुटलो. मग ग्रेसमधून, म्हणजे विसाव्याच्या जागेतून, जी सोनेरी रेघ निघते ती जिकडे दाखवेल तिकडे, गेटफ्रंट, तिथे मेलिनाने टॉरेंट हा घोडा दिला, मग स्टॉर्महिल, मग मार्गिट. मिळालेले सगळे रून्स (लेव्हल वाढवायचं चलन) स्ट्रेंग्थमध्ये टाकले, व्हिगर, ज्याने आरोग्य वाढतं, सुरुवातीला होतं तेवढंच म्हणजे १५. मार्गिटचे दोन फटके लागले की खेळ खलास, आणि तो काठी वर उचलून इतका वेळ धरून ठेवतो की मी रोल करून मोकळा झालेलो असतो आणि मग ती खाली येते.

तर प्रश्न असे. जुनाच सेव्ह उघडू की नव्याने सुरू करू? आता वेळ कमी मिळतो, रात्री तासभर फार तर, तेवढ्यात या गेममध्ये काही हाताला लागतं का? आणि तिसरं, स्पिरिट ॲशेस (लढाईत मदतीला बोलावता येणारे आत्मे) आणि जादू वापरली तर तो खेळ धरत नाहीत असं बरेच जण म्हणतात, त्यात तथ्य किती? गोष्ट उघड होईल असं काही लिहू नका प्लीज, मी लिमग्रेव्हच्या पुढे काहीच पाहिलेलं नाही.

ढालवाला

भावा, परत जा आणि जुनाच सेव्ह उघड. फक्त मार्गिटकडे जाऊ नको, पाठ फिरव आणि दक्षिणेची वाट धर.

एवढं ठामपणे सांगतोय कारण तू जे लिहिलंस त्यात या गेमचा अख्खा मोठा भाग आलेलाच नाही. ती सोनेरी रेघ गोष्ट पुढे कुठे आहे एवढंच दाखवते, तू तिथे जाण्याइतका तयार आहेस का याच्याशी तिला देणंघेणं नाही. बाकीच्या ओपन वर्ल्ड गेम्सनी आपल्याला सवय लावलीय की बाण दाखवेल तो मुख्य रस्ता आणि उरलेलं सगळं फावल्या वेळचं. इथे ईझी-नॉर्मल-हार्ड हा पर्याय मेनूत शोधून सापडणार नाही, तो नकाशात आहे, कुठे जायचं आणि कधी जायचं हे तू ठरवतोस त्यावर गेम सोपा की अवघड ते ठरतं. ट्री सेंटिनल पहिल्याच वळणावर उभा केलाय तो याचसाठी, समोर दिसतोय म्हणून आत्ताच लढलं पाहिजे असं काही नाही, वळसा घाल, नंतर ये. मार्गिटचंही तेच आहे, पण तो रस्ता अडवून उभा असल्यामुळे लोकांना वाटतं याला मारल्याशिवाय गत्यंतर नाही. आहे गत्यंतर. किल्ल्याच्या बाजूने कड्याकडेने एक वाट जाते ती थेट लिउर्निया या पुढच्या प्रदेशात उतरते, मार्गिट नाही की किल्ला नाही. आत्ता तिकडे जा असं म्हणत नाहीये, पण ती वाट बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलीय हे लक्षात घे. पुढे किल्ल्यात शिरशील तेव्हा दारावरचा गोस्टॉक स्वतः सांगतो की मुख्य दरवाज्याने जाऊ नका, बाजूच्या भगदाडातून जा. म्हणजे गेम तोंडाने सांगतोय की समोरचं दार सोड.

आता दक्षिणेला काय आहे ते. लिमग्रेव्हच्या खाली पूल ओलांडला की वीपिंग पेनिन्सुला. तिथले शत्रू तुझ्या आत्ताच्या लेव्हलला झेपतील असे आहेत आणि तीन चर्चेस आहेत, प्रत्येकात एकेक सेक्रेड टिअर. टिअरने फ्लास्कचा, म्हणजे औषधाच्या बाटलीचा, एक घोट जास्त आरोग्य भरून देतो, आणि गोल्डन सीडने घोटांची संख्या वाढते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. लिमग्रेव्हमधलं थर्ड चर्च ऑफ मारिका पण सोडू नको, तिथे एक टिअर आहे आणि वंडरस फिझिक या वेगळ्या औषधाची बाटलीही, ती ग्रेसवर बसलं की दर वेळी आपोआप भरते.

व्हिगरबद्दल आकडेच बघ. १५ ला ५२२ आरोग्य असतं. २५ ला ८००. ४० ला १४५०. म्हणजे नुसतं २५ केलंस तरी आत्ता जे दोन फटक्यांत होतंय ते तीन-चार फटक्यांवर जाईल, आणि तो एक जास्तीचा फटका म्हणजे फ्लास्क प्यायला मिळालेली सवड. ६० च्या पुढे १९०० वरून फार काही वाढत नाही पण तो विषय आत्ता तुझा नाही. दुसरीकडे स्ट्रेंग्थमध्ये टाकलेल्या पॉइंट्सनी सुरुवातीला डॅमेज फारच थोडं वाढतं, खरं डॅमेज वाढतं शस्त्र अपग्रेड केल्यावर. अगील तळ्याच्या उत्तरेला लिमग्रेव्ह टनेल्स म्हणून खाण आहे, तिथून स्मिदिंग स्टोन गोळा कर. साधं शस्त्र +३ पर्यंत न्यायला पहिल्या प्रतीचे १२ दगड लागतात, दोन, चार आणि सहा असे, आणि ते काम चर्च ऑफ एलेहमधल्या ऐरणीवर स्वतःच होतं. त्यापुढे राउंडटेबल होल्डमधला लोहार ह्यूग.

एवढं करून मार्गिटकडे गेलास तर तोच बॉस वेगळा वाटेल. त्याच्यात काही बदललेलं नसेल पण तुला त्याच्याकडे नीट बघायला वेळ मिळेल.

रोल_टायमिंग

ढालवाला यांनी तयारीचं सगळं सांगितलंय, मी फक्त लढण्याबद्दल लिहितो, कारण व्हिगर वाढवूनही ती उचलून धरलेली काठी लागायची ती लागणारच.

मार्गिट हा बॉस मुळात एकाच गोष्टीसाठी बनवलाय, घाबरून केलेला रोल पकडण्यासाठी. तू म्हणतोस तो इतका वेळ धरून ठेवतो, तर तसं ठेवण्याचं कारणच ते. जुन्या बऱ्याच ॲक्शन गेम्समध्ये हात वर गेला की रोल दाबायचा ही सवय चालून जाते, इथे नाही चालत. हात वर जाताना बघू नको, हात खाली यायला लागतो ती हालचाल बघ आणि तेव्हा दाब. पहिल्यांदा हे फार उशिरा केल्यासारखं वाटेल, तरी थांब. आणि रोल मागे करू नको, काठी लांब आहे, मागे गेलास की टोक लागतं. त्याच्या अंगाच्या दिशेने, थोडं तिरकं, त्याच्या पाठीमागे निघून जाशील असा रोल.

काही वेळा गेलास ना की एक काम कर, मारायचंच नाही. तलवार हातात असू दे पण वापरू नको, फक्त त्याचे वार चुकवत किती वेळ टिकतोस ते बघ. मरशील तर मरशील, पुन्हा जिवंत होण्याची जागा अगदी जवळ आहे, लगेच परत आत जाता येतं. त्याआधी हातातले रून्स खर्च करून जा म्हणजे ते जायचं टेन्शन डोक्यात राहत नाही, या टेन्शनमुळे लोक घाई करतात असं माझं पक्कं मत आहे. अशाने त्याचे चार-पाच ठरलेले क्रम ओळखीचे होतात आणि मग कुठल्या वारानंतर मोकळीक मिळते ते आपोआप कळायला लागतं. समोर उभं राहून फ्लास्क प्यायला गेलास तर तो प्रकाशाचे खंजीर फेकतो, ते त्याचं ठरलेलं उत्तर आहे, म्हणून घोट घ्यायचा तो त्याचा मोठा वार संपल्यावर. आरोग्य अर्ध्याच्या आसपास आलं की प्रकाशाचा हातोडा काढतो, तिथून पुढे अंतर जास्त ठेवावं लागतं.

अजून एक, तुझं वजन तपास. इक्विप लोड, म्हणजे अंगावरच्या सामानाचं वजन, ७० टक्क्यांच्या वर गेलं असेल तर रोल जड होतो, तसा जड रोल घेऊन मार्गिट म्हणजे स्वतःलाच शिक्षा. व्हॅगाबॉंडला सुरुवातीचं चिलखत बऱ्यापैकी जड आहे, त्यात स्ट्रेंग्थ वाढवून मोठं शस्त्र घेतलं असशील तर हेच झालं असण्याची दाट शक्यता आहे. एखादा तुकडा काढून टाक, हेल्मेट नाही घातलं तरी चालतं.

आणि व्हॅगाबॉंडकडे जी ढाल असते ती साधे वार शंभर टक्के अडवते, स्टॅमिना असेपर्यंत. वार ढालीवर घे आणि लगेच हेवी ॲटॅक दाब, याला गार्ड काउंटर म्हणतात, दोन-चार बसले की समोरचा कोलमडतो आणि मोठा घाव घालता येतो. उडी मारून मारलेला हेवी पण तसाच. नुसत्या लाइट ॲटॅकवर खेळणाऱ्यांना हा गेम दुप्पट अवघड वाटतो.

तिसरी_बाजू

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मी परत गेलो होतो, मार्गिट झाला, त्यानंतरचा बॉस गॉड्रिक झाला, अल्टस या बऱ्याच पुढच्या प्रदेशापर्यंत पोचलो आणि तिथे पुन्हा थांबवला, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

प्रश्नकर्त्याने तासभर वेळ मिळतो असं लिहिलंय, त्यावर कोणी बोललंच नाही. तासात बॉसवर बसलात तर पुष्कळदा हाताला काहीच लागत नाही, कारण शिकणं होतं पण ते दुसऱ्या रात्रीपर्यंत बोटांत राहत नाही, पुन्हा पहिली वीस मिनिटं हात बसवण्यात जातात. सरळ पॉजचं बटण नाही. कोणी बोलावलं तर ग्रेसवर नाहीतर एखाद्या निवांत जागी उभं करून ठेवावं लागतं नाहीतर मेनूतून बाहेर पडावं लागतं. क्वेस्टची नोंदवही नाही, मार्च २०२२ च्या पॅचनंतर भेटलेली माणसं नकाशावर दिसतात एवढं झालं, पण कोण काय बोललं, कुठे जा म्हणालं ते आपल्याच लक्षात ठेवायचं. चार दिवसांनी उघडलं की मी कशाला इथे आलो होतो हेच कळत नाही. यावर उपाय एकच, शेजारी वही ठेवून दोन ओळी लिहून मगच बंद करायचं, आणि ते मी मनापासून सुचवतो.

शिवाय पुढे पुढे त्या भूमिगत थडग्यांच्या जागा एकमेकींसारख्या व्हायला लागतात, तेच बॉस नाव बदलून परत येतात. लिमग्रेव्ह आणि लिउर्निया जितकं भरगच्च आहे तितकं सगळीकडे नाही. अवघड आहे म्हणून शेवटपर्यंत नेलंच पाहिजे हा आग्रह मला पटत नाही. भटकायला आवडत असेल तर भटका, तेवढ्यानेही पैसे वसूल होतात. एकाच बॉससमोर आठवडा गेला आणि त्यात मजाच येत नसेल तर बाजूला ठेवा, ती काही परीक्षा नाहीये.

चांदणी_रात

तिसरी_बाजू दादांचं वेळेबद्दलचं म्हणणं पटलं, पण तासात काही होत नाही हे मात्र पूर्ण खरं नाही. बॉसचा तास आणि भटकायचा तास असे वेगळे ठेवायचे. आठवड्यात एखाद्या सुट्टीच्या दिवशी बॉस, आणि बाकी रात्री एखादी गुहा, एखादं पडकं चर्च, नकाशाचा एखादा तुकडा. त्या छोट्या गुहा तर एका बैठकीत संपतील एवढ्याच आहेत. मी बराचसा गेम असाच खेळले, आणि मला उलट वाटतं की तासतासभराने खेळलं की ते जग जास्त मुरतं.

आता ॲशेस आणि जादूचं. मला हा विषय निघाला की खरंच तळमळ होते, कारण या असल्या बोलण्यामुळे कितीतरी लोक गेम सोडतात. ॲशेस कोणी चोरून आणलेल्या नाहीत, त्या गेममध्ये ठेवल्यात, त्यांच्यासाठी वेगळी अपग्रेड पद्धत आहे, बॉसच्या जागेबाहेर खूण आहे की इथे बोलावता येईल. गेमचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकींनी मुलाखतीत सांगितलंय की ते स्वतः गेममध्ये असेल नसेल ती सगळी मदत घेऊन खेळतात. ज्यांनी बनवला तेच असं खेळत असतील तर आपण कोणाला हिशोब द्यायचाय?

टॉरेंट मिळाल्यावर चर्च ऑफ एलेहमध्ये परत जा, तिथे रेन्ना नावाची बाई बसलेली भेटते, ती ॲशेस बोलावायची घंटा देते आणि सोबत लांडग्यांची ॲश. तीन लांडगे. ते काही मार्गिटला मारणार नाहीत, पण तो त्यांच्याकडे वळतो तेवढ्यात तुम्हाला श्वास घेता येतो, आणि रोल_टायमिंग यांनी लिहिलंय तसं त्याची हालचाल बघायला बाजूला उभं राहता येतं, जे एकट्याने कधी जमत नाही. बॉसच्या जागेच्या धुक्याच्या दारापाशी जमिनीवर सोनेरी खूण असते ती रॉजियरची, तो माणूसही मदतीला येतो. फक्त सोबतीला माणूस घेतला की बॉसचं आरोग्य थोडं वाढतं, लांडग्यांनी तसं होत नाही.

आणि मर्कवॉटर केव्हमध्ये पॅचेस नावाचा एक जण आहे, आधी लढेल मग शरण येईल, तेव्हा त्याला सोडून द्या. तो ५००० रून्सला मार्गिटची बेडी विकतो, ती वापरली की मार्गिट काही क्षण जमिनीला जखडला जातो. म्हणजे बघा, फक्त या एका बॉससाठी किती मदत पेरून ठेवलीय, आणि ती सगळी रस्त्याच्या बाजूला आहे, सरळ गेलं तर एकही भेटत नाही.

जुना सेव्ह की नवा यावर माझं ढालवाला यांच्याशी थोडं वेगळं मत आहे. इतक्या वर्षांनी परत येताय तर बटणंसुद्धा विसरली असतील, मी तर नव्याने सुरू करा म्हणेन, पहिल्या त्या दारातून पुन्हा बाहेर पडा, तुम्हाला तोच क्षण आठवतोय ना. जुन्यात स्ट्रेंग्थमध्ये अडकलेले पॉइंट्स परत वाटून घ्यायला पुढच्या राया लुकारियातल्या रेनाला या बॉसपर्यंत पोचावं लागतं आणि दर वेळी लार्व्हल टिअर नावाची एक वस्तू लागते.

ढालवाला

चांदणी_रात, पॉइंट्स वाया गेलेले नाहीत पण त्याचे. स्ट्रेंग्थ असेल तर मोठी तलवार दोन्ही हातांनी धरता येते, दोन हातांनी धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट मोजली जाते. नव्याने सुरू केलं तर तेच सुरुवातीचे तास पुन्हा, आणि तासभरच वेळ असणाऱ्या माणसाचा तिथेच परत उत्साह जाईल अशी मला भीती वाटते. बटणं विसरली असतील तर गेटफ्रंटच्या शिपायांवर हात साफ करायचा, ते कधी संपत नाहीत.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे अगदी मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. जुनाच सेव्ह उघडला. वजन तपासलं, ७० च्या वर होतं, हेल्मेट आणि हातमोजे काढून टाकले आणि रोलमधला फरक लगेच जाणवला. घंटा घेतली, लांडगे आले.

मग दक्षिणेला गेलो. पुलापलीकडे रस्त्यावर इरिना भेटली, डोळ्यांना पट्टी बांधलेली मुलगी, वडिलांना पत्र पोचवा म्हणाली, आणि त्या पत्रासाठी मी पावसात कॅसल मॉर्नपर्यंत गेलो. खरं सांगतो, मार्गिटच्या पायरीवर असताना हा गेम माझ्याशी कधी असं बोलला नव्हता. किल्ल्याच्या गच्चीवर तिचे वडील एडगर भेटले, पुढचं लिहीत नाही, ज्यांनी खेळलंय त्यांना माहीत आहे. तिथल्या सिंहासारख्या बॉसला मारलं, लांडग्यांसकट. व्हिगर आता २४ आहे, तलवार +३. तिसरी_बाजू, तुमची वहीची सूचना खरंच कामाची आहे, रोज दोन ओळी लिहितोय.

आता अडचण वेगळीच आलीय. मार्गिटकडे जायच्या आधी अगील तळ्यातलं पडकं बांधकाम बघायला गेलो, खाली तळघरात पेटी होती ती उघडली, धूर आला आणि मी कुठल्यातरी खाणीत पोचलोय जिथे किड्यांसारखे प्राणी एका फटक्यात जीव घेतायत. नकाशावरून दुसरीकडे जायला बघतो तर जाऊ देत नाही. सेव्ह गेला का माझा?

रोल_टायमिंग

नाही गेला, शांत हो, त्या पेटीने भल्याभल्यांना तिथे नेलंय. ती केलिड या दुसऱ्या प्रदेशातली खाण आहे, तुझ्या लेव्हलच्या खूप पुढची. खाणीच्या आतून फास्ट ट्रॅव्हल होत नाही आणि टॉरेंटही बोलावता येत नाही, म्हणून कोणाशीही लढू नको, वाकून हळू चालत बाहेरचं तोंड शोध, किडे पाठ करून असतील तेव्हा निसटायचं. मेलास तरी घाबरू नको, पुन्हा त्याच वाटेने. एकदा उघड्यावर आलास की नकाशा उघडून हव्या त्या ग्रेसवर जाता येतं, पण त्याआधी खाणीच्या तोंडाजवळ ग्रेस दिसेल त्याला हात लावून ठेव, नंतर लागेल. आभाळ लालभडक दिसेल, तिथे फिरायचा मोह होईल, आत्ता नको.

आणि आतून जाताना भिंतीत चकाकणारे दगड दिसले तर उचलत जा, तलवार पुढे न्यायला ह्यूगला तेच लागणार आहेत.